कवडीचे पाच चिंचोके

रविवारी दुपारी वरण-भातावर तूप जरा सढळ पडलं, की हृषीकेशचा डोळा लागतो. आज मात्र लागता लागत नाही. तो हॉलमधल्या दिवाणावर उताणा पडला आहे. वर पंखा फिरतो आहे, स्वयंपाकघरात मैथिली भांडी जरा जास्तच आवाज करत आवरते आहे, आणि त्याच्या छातीवर पितळेची एक छोटी डबी आहे. डबीचं झाकण सैल झालं आहे म्हणून तिला रबर बँड लावलेला आहे. आत पाच चिंचोके आहेत. ते त्याच्या सासूबाईंचे, कुंदाबाईंचे. त्यांना जाऊन आता महिना होत आला.

पाच वाजता मंडळी खेळायला जमणार, आणि त्याआधी कवडीचं काय करायचं हे ठरवायला हवं.

कवडी म्हणजे कुंदाबाईंचं खेळातलं पात्र. खेळ असा, की एकजण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. पुढे काय करायचं ते ज्याचं त्याने सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे फासे ठरवतात. या घरात गोष्ट सांगणारा हृषीकेश. खेळाचं मूळ पुस्तक परदेशी, जाडजूड आणि महाग, त्यामुळे यांनी त्यातलं पटेल तेवढं घेतलं आणि उरलेले नियम घरी केले. पहिल्याच रविवारी फासे फ्रिजखाली गेले ते गेलेच. तेव्हा कुंदाबाई चिंचोके घेऊन आल्या, एका बाजूने घासून पांढरे केलेले. ज्या कौशल्याचे जितके चिंचोके असतील तितके टाकायचे, आणि एक जरी पांढरा पडला तरी जमलं.

त्या काही खेळायला आल्या नव्हत्या. कोपऱ्यात बसून मेथी निवडत होत्या. खालच्या मेडिकल दुकानाचा तन्वीर किल्ल्याच्या पहारेकऱ्याला मारायला निघाला, तेव्हा मान वर न करता म्हणाल्या, "अरे, मारतोस कशाला? चहा विचार की त्याला." पहारेकरी चहा प्यायला, दार उघडलं, आणि पुढच्या रविवारपासून कुंदाबाई कवडी नावाची चोरटी झाल्या. जन्मभर ज्यांनी भाजीवाल्याकडे कढीपत्तासुद्धा फुकट मागितला नाही, त्यांनी चोरटीच व्हायचं ठरवलं याचं मैथिलीला फार हसू आलं होतं.

प्रत्येक पात्राला एक कौशल्य आपल्या खऱ्या आयुष्यातलं घ्यावं लागतं, हा इथला नियम. कुंदाबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. त्यांनी घेतलं, 'माणूस खरं बोलतोय का हे आवाजावरून ओळखणं.' त्याचेच हे पाच चिंचोके. कुणाच्यात मिसळू नयेत म्हणून प्रत्येकावर त्यांनी नेलपॉलिशचा डाळिंबी ठिपका दिला होता. नोकरीत असल्यापासून तेवढी एक चैन त्यांनी सोडली नव्हती.

दोन नियम मात्र आता हृषीकेशच्या गळ्यात येऊन पडले आहेत. खेळाडू आला नाही तर त्याचं पात्र झोपतं, आणि बाकीच्यांनी त्याला सोबत न्यायचं. पात्र मेलं तर त्याचे चिंचोके मोठ्या पिशवीत परत जातात. कवडीला मारायला त्याचा जीव धजत नाही. म्हणून ती झोपली आहे, हातगाडीवर गोधडी पांघरून, आणि गाडी ओढते आहे भैरी. भैरी म्हणजे मैथिली.

"आज काय ते ठरव," जेवताना मैथिली म्हणाली होती. "खेळ आहे, कळतं मला. पण आईला अजून किती ओढू मी?"

पंखा फिरतो आहे. भांड्यांचा आवाज थांबतो. कुठेतरी काहीतरी घासल्याचा आवाज येतो, खर्र, खर्र. मैथिली कढईच्या मागे लागली असेल, असं त्याला वाटतं. मग लक्षात येतं, की आवाज गॅलरीतून येतो आहे.

गॅलरीत शहाबादी फरशी आहे. फ्लॅटला तर सगळीकडे गुळगुळीत टाइल्स, पण ते आता महत्त्वाचं वाटत नाही. फरशीवर मांडी घालून कुंदाबाई बसल्या आहेत आणि एक नवा चिंचोका घासत आहेत.

"जावईबापू, जागे आहात का?"

"नाही बहुतेक."

"बरं झालं. जागेपणी तुम्ही फार नियम काढता."

त्याला हसू येतं. त्यांच्याजवळ बसावं म्हणून तो पाय उचलतो, तर गॅलरी लांबत जाते. कठड्याच्या जागी एक्स्चेंजचा उंच बोर्ड उभा आहे आणि वरून दोऱ्यांसारख्या वायरी लोंबतात. थोडं पुढे त्याच वायरी वडाच्या पारंब्या झाल्या आहेत, आणि हे त्याने स्वतःच रचलेलं गोष्टीतलं जंगल आहे. त्याला ते ओळखीचं वाटतं, पण इतकं हिरवं त्याने कधी सांगितलं नव्हतं.

"आपलं बोलणं अर्धं राहिलं होतं," कुंदाबाई म्हणतात. त्या आता बोर्डसमोरच्या स्टुलावर आहेत. चिंचोका हातात तसाच.

त्याला आठवतं. न आठवून कसं चालेल? शेवटच्या रविवारी कवडीला आपलं कौशल्य भैरीला शिकवायचं होतं. हृषीकेशचा नियम असा, की शिकवायचं तर आपल्यातला चिंचोका स्वतःच्या हाताने समोरच्याला द्यायचा, म्हणजे आपला एक कमी. नाहीतर सगळ्यांनाच सगळं येऊ लागेल आणि खेळात राम उरणार नाही. कुंदाबाई भडकल्याच होत्या. तासभर वाद झाला, चहा दोनदा गार झाला. शेवटी तो म्हणाला, पुढच्या रविवारी बघू, आई. गुरुवारी बाजारातून येताना त्या जिन्यात जरा टेकल्या, आणि तिथून उठल्याच नाहीत.

"एक्स्चेंजमध्ये किती पोरी शिकवल्या मी," कुंदाबाई बोर्डमध्ये एक वायर खोचतात. "शिकवून माझे कान कमी झाले का?"

"खेळात तोल राहावा लागतो, आई."

"तोल तराजूत ठेवा. इकडे या, तुम्हाला काहीतरी दाखवते."

पारंब्यांमागे जिना आहे, यांच्याच इमारतीचा, तोच तुटक्या कडेचा. जिन्यात हातगाडी अडकली आहे. मैथिली ती ओढते आहे. तिच्या अंगावर घरचाच गाऊन आहे, खांद्याला दोर आहे, आणि तिचा श्वास एवढा मोठ्याने ऐकू येतो, की हृषीकेशला तो स्वतःचाच वाटतो. तिला हे दोघे दिसत नाहीत.

"कोण झोपलंय गाडीत?" कुंदाबाई विचारतात.

"तुम्ही."

"मी तर इथे उभी आहे."

त्या पुढे होतात आणि गोधडी बाजूला करतात. खाली कुणी नाही. बाजाराची पिशवी आहे, तिच्यातून मेथीची जुडी बाहेर आली आहे. बस्स, तेवढंच.

"पोरीला रिकामी गाडी ओढायला लावलीत," त्या म्हणतात. रागावून नाही. लेकीच्या कपाळावरची बट मागे सारायला त्या हात उचलतात आणि तसाच धरून ठेवतात. हृषीकेशला रडू आवरत नाही. त्यांच्यासमोर तो कधी रडला नव्हता. जावयाने सासूसमोर रडायचं नसतं, असा काही नियम त्याने मनाशी करून ठेवला असावा.

"मला तुम्हाला मारायचं नव्हतं, आई."

"ते तुमच्या हातात नव्हतंच मुळी. डोळे पुसा आणि कान द्या इकडे. मी दोन वाक्यं बोलणार. खरं कुठलं, खोटं कुठलं, ते सांगायचं."

"मला नाही येत ते."

"म्हणून तर शिकवतेय."

त्या पायरीवर बसतात. तो खालच्या पायरीवर बसतो. आसपास कुठे जंगल उरलेलं नाही. जिन्याच्या खिडकीतून ऊन येतं आणि खालच्या दुकानातला औषधांचा वास.

"पहिलं. त्या दिवशी इथे मला काही त्रास झाला नाही." त्या जरा थांबतात. "दुसरं. तुमच्या घरात मला एक दिवससुद्धा परकं वाटलं नाही."

हृषीकेश डोळे मिटतो. शब्द सोडून देतो आणि नुसता आवाज ऐकतो. पहिल्या वाक्याच्या शेवटी आवाज जरा घाईने संपला होता. दुसरं वाक्य कुठेही घाईत नव्हतं.

"पहिलं खोटं आहे," तो म्हणतो, आणि आपण हे म्हणालो याचं त्याला वाईट वाटतं.

"झाला थोडा त्रास," कुंदाबाई कबूल करतात. "थोडाच. आणि दुसरं?"

"दुसरं खरं आहे."

"मग? आलं की नाही?"

त्या पदराच्या टोकातून नेलपॉलिशची बाटली काढतात, नव्या चिंचोक्यावर एक ठिपका देतात आणि तो त्याच्या तळहातावर ठेवतात. त्यांची बोटं अगदी कोमट आहेत.

"फुंक मारा, ओलं आहे. आणि माझे मोजा एकदा. कमी भरले तर तुमचा नियम खरा."

"तुम्ही आज येणार का, आई? पाच वाजता?"

"मी कशाला? मला काय गाडीत झोपायची हौस आहे?" त्या उठतात, गुडघ्यावर हात टेकून, नेहमीसारख्या. पिशवी उचलतात. "कवडीला चालत जाऊ द्या. निरोप घेऊन जाईल. चोरटी असली तरी रीतभात आहे तिला."

आणि त्या जिना चढायला लागतात. खर्र, खर्र, चपला घासत. तो 'थांबा' म्हणणार, एवढ्यात पंखा पुन्हा दिसायला लागतो.

हॉल. दिवाण. कोपऱ्यातलं ऊन भिंतीवर चढलं आहे. डबी छातीवरून घसरून कुशीत गेली आहे, रबर बँड जसाच्या तसा. त्याची उजवी मूठ घट्ट मिटलेली आहे, इतकी की बोटं उघडताना दुखतात.

मुठीत चिंचोका आहे. एका बाजूने पांढरा, दुसऱ्या बाजूला डाळिंबी ठिपका. तो ठिपक्यावर अंगठा टेकवतो आणि अंगठा जरासा चिकटतो.

मग तो रबर बँड काढतो, डबी उघडतो, चिंचोके चादरीवर ओततो. मोजतो. पुन्हा मोजतो. पाच आहेत.

मैथिली चहा घेऊन येते. तिचे डोळे सुजलेले आहेत. भांडी घासताना ती रडली असणार, म्हणूनच एवढा आवाज.

"ठरलं का?" ती विचारते.

"गाडी सोडून दे. रिकामी आहे ती."

"म्हणजे कवडी मेली?"

"नाही, उठली. आज सगळ्यांचा निरोप घेणार आणि चालत जाणार." तो चिंचोका पुढे करतो. "आणि भैरीला शिकवून जाणार. शिकवल्याने आपलं काही कमी होत नाही, असा नियम आहे आता."

"हा नियम कुणी केला?"

"आईंनी."

मैथिली त्याच्याकडे बघत नाही. डोळे मिटते आणि त्या एका शब्दाचा आवाज अजून कानात आहे तोवर तो नीट ऐकून घेते, तिची आई ऐकायची तसा. मग चहाचा कप खाली ठेवते, आणि हात पुढे करते.