कोर्टाची शपथ वेगळी

पंचकाका देवाची शपथ सुपारी गालात सरकवून घेत. "ईश्वरास स्मरून खरं सांगेन, खोटं सांगणार नाही" हे ते इतक्या झरझर म्हणून टाकत की आजही कुणी शपथ घेऊ लागलं की मला शिसारी येते.

वर्तकनगरला ते आमचे शेजारी. पोलिसांचे ठरलेले पंच. झडती कुठेही होवो, पंचनाम्याखाली सही यांचीच, तीही चौकीत बसून, चहा पिता पिता. माल डोळ्यांनी पाहायची गरजच काय! "अगं, पोलिसांशी वाकडं घेऊन जगता येतं का?" असं म्हणायचे आणि वर माझ्या हातावर लिमलेटची गोळी ठेवायचे. माणूस लाघवी, ते नाकारत नाही. बाबा आजारी होते तेव्हा दवाखान्यात डबा हेच पोचवायचे. म्हणून तर जास्त संताप येतो.

पुढे एका मारामारीत पोलिसांनी माझ्या दादाला नाहक उचललं. झडतीत त्याच्या खिशात सुरा सापडला म्हणे. पंच कोण? आमचे काका! आई तडक त्यांच्या घरात शिरली ती देव्हाऱ्यापाशीच थांबली.

"भावजी, समईवर हात ठेवा आणि सांगा, सुरा पाहिलात तुम्ही?"

काकांनी हात पाठीमागे नेला. "वहिनी, घरच्या देवापुढं नको. कोर्टाची शपथ वेगळी असते हो."

आणि खटला उभा राहिला तेव्हा ठाण्याच्या कोर्टात याच माणसाने, ईश्वरास स्मरून, सुऱ्याची मूठसुद्धा सांगितली. लाकडी होती, म्हणे! दादाकडे मात्र एकदाही पाहिलं नाही. शी! केसाने गळा कापला आमचा. दादा सुटला तो वरच्या कोर्टात; तोवर नोकरी गेली होती, ठरलेलं लग्नही मोडलं होतं.

काही वर्षांनी पंचकाका कोर्टाबाहेरच्या बाकड्यावर बसल्या बसल्याच गेले. काकूंना दुसरं कोणी नव्हतं, म्हणून दादा आणि मी त्यांच्याबरोबर सरकारी दवाखान्यात गेलो. तिथे प्रेताच्या पंचनाम्याला पंच हवा होता. हवालदाराने लिहून तयार ठेवलेला कागद दादापुढे सरकवला.

"शेजारीच ना तुमचे? मग मारा सही. वाचायचं काय त्यात?"

मला वाटलं, हा आता कागद भिरकावणार. दादाने पेन घेतलं, पण टेकवलं नाही.

"आधी चादर काढा," तो म्हणाला. "बघितल्याशिवाय मी सही करत नाही."