ऑरिनचा परका आणि उघडं बॉनेट

ऑरिन स्टॅगर पेशाने न्हावी आणि स्वभावाने लेखक. नेवाडाच्या वाळवंटात सॉल्ट वेल्स गावी त्याचं दुकान होतं, आणि एकदा मानेवर वस्तरा टेकला की गिऱ्हाइकाला त्याची नवी अंतराळकथा ऐकण्यावाचून गत्यंतर नसे. दर सोमवारी तो कात्री-कंगवा घेऊन दूरदूरच्या रँचवर, म्हणजे गुरांच्या मळ्यांवर, केस कापायला जाई. त्याचे सगळे ग्रह त्याला याच रस्त्यांवर सापडले होते. मिठाच्या पांढऱ्या मैदानाचा त्याने गोठलेला समुद्र केला, वावटळींचे चालतेबोलते रहिवासी केले. "डोकं खाजवतो कोण? गाडीची काच खाली करायची, बस्स!" असं तो खुशाल सांगे.

या उद्योगात एक मैत्री मात्र त्याने घालवली. मर्ल पिकेट, टायरवाला, त्याचा जिवलग. ऑरिनने एका कथेत तीन हनुवट्यांचा जुलमी राजा रंगवला आणि त्याला मर्लचं हसू देऊन टाकलं. गावाने लगेच ओळखलं. तेव्हापासून ऑरिन समोर दिसला की मर्ल रस्ता बदली. ऑरिनला फार वाईट वाटे, पण माफी मागायला जीभ रेटत नसे.

त्या उन्हाळ्यात एका मासिकाला त्याची कथा पहिल्यांदाच आवडली. फक्त शेवट शिळा होता. अथांग पोकळीत माणसांचं यान आणि परक्यांचं यान समोरासमोर येतात आणि लगेच तोफा डागतात. महिनाअखेरीपर्यंत नवा शेवट पाठवा, नाहीतर राहू द्या, असं संपादिकेने कळवलं. ऑरिनने कागदांचा ढीग केला, पण प्रत्येक शेवटात कोणी ना कोणी मरतच होतं.

महिना संपत आला आणि एका सोमवारी, मिठाच्या मैदानाकाठी, त्याच्या गाडीचं इंजिन तापून पाणी उकळलं. त्याने बॉनेट उघडलं आणि सावलीला बसला. बऱ्याच वेळाने धुरळा दिसला. मर्लचा ट्रक! उघडं बॉनेट पाहून पुढे जाणारा माणूस त्या भागात जन्मला नव्हता, तेव्हा मर्लला थांबणं भागच होतं. बोलणं मात्र भाग नव्हतं.

मर्लने पाण्याचा कॅन उतरवला आणि सीटवरच्या कुत्रीकडे वळला. "डचेस, त्या शहाण्याला सांग, आधी स्वतः पी म्हणावं. गाडीचं मग बघू."

"डचेस, उपकार झाले म्हणून सांग त्याला."

"उपकार गेले खड्ड्यात. पाइप फाटलाय. म्हणावं, ही पट्टी धर, घट्ट. धरतोय बघ कसा, जसं बाळाचं जावळ काढतोय!"

"आणि सांग त्याला..." ऑरिन अडखळला. "ते हसू मी चोरायला नको होतं. मला दुसऱ्या कुणाचं तितकं आवडत नाही गं."

डचेस शेपटी हलवत राहिली. मर्लने पट्टी गुंडाळली, पाणी भरलं आणि धुरळा उडवत निघून गेला.

घरी पोचताच ऑरिनने एका बैठकीत शेवट लिहिला. बिघडलेलं यान दार उघडं टाकून थांबतं. परके जवळ येतात, पाणी देतात आणि निघून जातात. दुसऱ्या दिवशी तो दुकानात हे वाचून दाखवत होता, तोच मर्ल आत आला आणि सरळ खुर्चीत बसला.

"वाच," मर्ल म्हणाला. ऑरिनने चाचरत वाचलं.

"थापा! पाणी देऊन निघून जातो? असं कोणी जातं का?"

"तू गेलास की!"

"टेकाडामागे थांबलो होतो, गाढवा. ती पट्टी किती सैल धरली होतीस, बघितलं होतं ना मी! वाटेत सुटली असती तर? गावातले दिवे दिसेपर्यंत तुझ्या मागेच होतो. लिही ते."

ऑरिनला पुढचं दिसेना. डोळे पुसून त्याने ते तिथेच लिहिलं.

कथा तशीच छापून आली. तो परका लांबून मागे का येत राहतो, असं वाचक पत्रातून विचारत. ऑरिन सगळ्यांना एकच उत्तर पाठवी: "त्यालाच विचारा. माझ्या शेजारच्या दुकानात टायर बदलत असतो."