पहिली पंगत आण्णांची

मी दुबईला निघाले त्या सकाळी आण्णांनी बाही वर करून दंडावरचा नाण्याएवढा सेन्सर दाखवला. "रडतीस कशाला? माझी साखर हाय की तुझ्या फोनात!" आई तोंड फिरवून उभी होती. गाडी कावळा नाका सोडून पुढे गेली तेव्हा मी पहिल्यांदा ॲप उघडलं. एकशे चाळीस. जिवाला बरं वाटलं.

घरी असताना आण्णा जेवलेत की नाही ते त्यांच्या तोंडावरून कळायचं. आता आकड्यावरून ओळखते. तुम्हीही आईबाप मागे ठेवून आला असाल, तर तुम्हाला वेगळं सांगायला नको.

त्या बुधवारी ऑफिसात मीटिंग चालू होती आणि फोन थरथरला. पंच्याऐंशी, बाण खाली. मग बहात्तर. काय झालंय ते मला लख्ख कळलं. गारगोटीचा मामा आपल्या नव्या व्याह्यांना घेऊन जेवायला येणार होता. आण्णांनी नेहमीच्या वेळेला इन्सुलिन टोचून घेतलं असणार आणि पाहुणे उशिरा पोचले असणार. पाहुण्यांची पंगत उठल्याशिवाय आमच्याकडे यजमान घास घेत नाही. आण्णा पांढऱ्या रश्श्याचं पातेलं घेऊन आग्रह करत फिरत असणार, आणि त्यांचा फोन आतल्या खोलीत कोकलत असणार.

मी फोन लावला, त्यांनी उचलला नाही. आईनेही नाही. अठ्ठावन्न. साखर आणखी उतरली तर माणसाची शुद्ध हरपते. तशीच उठून जिन्यात आले आणि मामाला लावला.

"मामा, जेवण सोड, उठ! आण्णांना साखरपाणी दे आधी!"

"अगं, व्याही बसल्यात की पानावर."

"बसू देत! तुझे दाजी पडतील तिथं!"

पातेलं आपटल्याचा आवाज आला. आई ओरडली. मग काहीच ऐकू येईना. आकडा हलेना. मला त्या आकड्याचा इतका राग कधी आला नव्हता.

"घामानं भिजल्यात," शेवटी मामा म्हणाला. "पर बोलाय लागल्यात. व्याहीच भरवाय लागल्यात त्यांना."

मग आण्णांचा बारीक आवाज. "भर पंगतीत अब्रू घालवलीस की गं."

"घालवली. परत घालवीन," मी रडत म्हणाले.

आता पाहुणे आले की आण्णा पहिल्या पंगतीला बसतात आणि "लेकीचा हुकूम हाय" म्हणून सगळ्यांना ऐकवतात. इकडे दुपारी मी डबा समोर ठेवून फोन बघत बसते. माझं घर आता तेवढ्या स्क्रीनमध्ये मावतं. आकडा चढायला लागला की समजते, आण्णा जेवले. मग डबा उघडते.