काकीचा आवाज

किर्ती चार वर्षांची असताना तिची आई गेली. वडील हिरामण अंबरनाथच्या एका कारखान्यात पाळीवर जायचे, त्यामुळे सोनिवलीच्या घरात पोरीला वाढवलं ते तिच्या काकीने, कमळाबाईने. काकीचा स्वतःचा सुजित तेव्हा अंगावर पीत होता. पोरगा जरा मोठा झाल्यावर दोघांना ती एकाच ताटात जेवू घालायची. कॉलेजच्या एकांकिकेसाठी किर्तीला जुनं लुगडं हवं होतं, तर काकीने लग्नातलं लुगडं पेटीतून काढून दिलं. किर्ती नको नको म्हणायला लागली तेव्हा काकीने नाक चोळलं, मान दुसरीकडे वळवली आणि म्हणाली, "मना काय त्याचा?" जिथे जीव गुंतायचा तिथे काकी हमखास हेच म्हणायची, मला काय त्याचं. घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं.

उल्हासनगरच्या त्या कॉलेजात पोरं किर्तीच्या बोलण्याला हसली होती. तिच्या तोंडी 'ण'चा 'न' व्हायचा, 'ळ'चा 'ल' व्हायचा. वर्षभर पेपरातले अग्रलेख मोठ्याने वाचून तिने जीभ वळवली आणि मग मालिकांच्या दारात उभी राहिली. अकरा वर्षं तिने नर्सा केल्या, नायिकेच्या मैत्रिणी केल्या, दोन वाक्यं बोलून चहाचा ट्रे उचलणाऱ्या शेजारणी केल्या. मीरा रोडला भाड्याच्या खोलीत राहून रोज कुणाच्या तरी फोनची वाट पाहिली.

तेहेतिसाव्या वर्षी तिला एका खलनायिकेच्या ऑडिशनला बोलावलं. थोरली जाऊ, नाव चंद्रभागा. प्रसंग असा होता की आजारी सासरा पाणी मागतो आणि ही देत नाही. तीन टेक कोरडे गेले. दिग्दर्शक कंटाळून म्हणाला, की हे सगळं शंभरदा बघितलंय, काहीतरी वेगळं द्या. चौथ्या टेकला किर्तीने नाक चोळलं, मान वळवली आणि गावच्या बोलीत सावकाश म्हटलं, "मना काय त्याचा?"

खोलीत टाळ्या पडल्या. हे कुठून आणलं, असं दिग्दर्शकाने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "असंच सुचलं."

चंद्रभागा तीन महिन्यांत घराघरांत पोचली. पोरंटोरं नाक चोळून रील करायला लागली. मुलाखतींत किर्ती 'निरीक्षणा'बद्दल बोलायची. चॅनेलच्या सोहळ्यात तिला बक्षीस मिळालं, त्या रात्री तिने दिग्दर्शकापासून मेकअपदादापर्यंत अठरा जणांचे आभार मानले. काकीचं नाव जिभेवर आलं होतं, पण ते घेतलं तर सुचलं कुठून हेही सांगावं लागलं असतं. ती बक्षीस घेऊन खाली उतरली.

घरी जाणं लांबत गेलं. शूटिंग आहे, असं ती सांगायची, आणि ते खरंही असायचं.

दीड वर्षाने सोनिवलीतल्याच एका नव्या कॉम्प्लेक्सने नवरात्रात तिला आरतीला बोलावलं. मंडपात खुर्च्या भरल्या होत्या. आरती झाल्यावर सूत्रसंचालकाने माइक पुढे केला आणि लोकांनी डायलॉगचा धोशा लावला. किर्तीने हसून नाक चोळलं, मान वळवली. मान वळवली त्याच बाजूला, तिसऱ्या रांगेत, काकी बसली होती. शब्द तोंडातून निघून गेले होते. हशा झाला, आणि गावातल्या दोन-तीन बायका स्टेजकडे न बघता काकीकडे वळून हसल्या. काकीने पदर तोंडावर ओढला आणि खुर्च्यांमधून वाट काढत निघून गेली.

किर्ती तशीच साडी-दागिन्यांत घरी गेली. सुजित ओट्यावर होता. तो कधी तिच्याशी वाकडं बोलला नव्हता, आताही बोलला नाही. नुसतं सांगितलं, की आई सात महिने बदलापूरच्या बाजारात भाजी घेऊन बसलेली नाही. गिऱ्हाइकं मोबाइल धरून म्हणायची, मावशी, तो चंद्रभागेचा डायलॉग मारा ना. एकाने तिला न सांगता तिचा व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकला. खाली लिहिलं होतं, खरी चंद्रभागा, सासऱ्याला मारणारी.

"ताई, आईने अंथरुणातल्या आजोबांचं सात वर्षं सगळं केलं," सुजित म्हणाला. "तुला माहितीये."

काकी आत भाकरी थापत होती. किर्ती चुलीजवळ जमिनीवर बसली. म्हणाली, "काकी, मी तुझं घेतलं. तुला विचारलं नाही."

काकीने भाकरी उलटली. "मी पयल्याच दिशी वलखला," ती म्हणाली. "मना वाटला, पोरगी माजी आठवन काढते. मंग टीवीत तो म्हातारा पान्याविना मेला, आन् लोका माज्याकरं बगून हसाया लागली. आता तोंड उघराया लाज वाटते."

तिने भाकरी किर्तीच्या ताटात वाढली आणि त्यावर तूप घातलं. रागावली असती तर किर्तीला जेवण तरी गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी किर्ती निर्मात्यांकडे गेली. हे वाक्य बंद करा, अशी तिने विनंती केली. त्यांनी समजुतीने सांगितलं, की मालिका त्या वाक्यावरच चाललीये. मग ती सेटवर मुद्दाम ते गाळायला लागली, तर संकलनात जुनेच तुकडे जोडले गेले. करार संपला तेव्हा तिने सही केली नाही. आपण सोडलं की चंद्रभागा संपेल, असं तिला वाटत होतं. पंधरा दिवसांत दुसरी मुलगी त्याच साडीत उभी राहिली. तिनेही नाक चोळलं, मान वळवली. तिला तर ते कुणाचं आहे हेही माहीत नव्हतं. एका मुलाखतीत किर्तीने काकीचं नाव घेऊन सगळं सांगितलं. ती मुलाखत फारशी कुणी पाहिली नाही.

काम थांबलं. ती सोनिवलीला येऊन राहिली. काकी पुन्हा बाजारात जायला लागली होती, पण गिऱ्हाइकाला भाव बोटांनी दाखवायची.

पावसाळ्यानंतर काकीच्या डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, म्हणून किर्ती तिला अंबरनाथला, शिवमंदिराकडच्या एका दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर तरुण होते. आजी, काय त्रास होतो, असं त्यांनी विचारलं. किर्ती सांगायला पुढे झाली, पण काकीने हाताने तिला थांबवलं. पदर सावरला, ताठ बसली.

"मला लांबचं धूसर दिसतं, डॉक्टर," ती म्हणाली. "जवळचं ठीक आहे." 'जवळचं' मधला ळ तिने जरा जास्तच जोर देऊन उच्चारला. मग किर्तीकडे बोट करून म्हणाली, "ही माझी पुतणी."

किर्तीच्या हातातली फाइल तशीच राहिली. हे कधी शिकलीस, असं विचारायचं तिला धैर्य झालं नाही. दुपारी घरात कुणी नसताना काकी टीव्ही लावून पुटपुटत बसते, असं सुजित एकदा म्हणाला होता. तेव्हा तिने लक्ष दिलं नव्हतं.

डॉक्टर तपासता तपासता कौतुकाने म्हणाले, "आजी किती स्वच्छ बोलतात. शिकलेल्या दिसतात."

काकीचा चेहरा उजळला. किर्ती खिडकीकडे बघत राहिली. तपासणी आटोपल्यावर दोघी बाहेर आल्या, आणि काकीने रिक्षावाल्यालाही पत्ता तसाच सांगितला, थांबून थांबून, एकेक अक्षर तपासत.