रेणुकाची शिट्टी आणि वरच्या दातांची रुंदी

साचा तिसऱ्यांदा मोजला, तरी आकडा तोच. चाळीस मिलीमीटर. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी होता तेवढाच, केसभरही पुढे नाही.

"नसरीन, जुना साचा दिलास का?"

नसरीन माझी असिस्टंट. साचे तीच ओतते, आणि तिच्या साच्यावर घेतलेला संशय तिला खपत नाही. "मॅडम, प्लास्टर अब्बी गीला हय. हात लगाके देखो."

मी हात लावून पाहिला. गीला होता.

मी ऑर्थोडॉन्टिस्ट. पुंडलिकनगरमध्ये क्लिनिक आहे. लोक आम्हाला 'तारवाली डॉक्टर' म्हणतात, पण तार नंतर येते. आधी मोजायचं. दात ज्या ओळीत बसतात ती एक कमान असते. तिची रुंदी आम्ही एका बाजूच्या दाढेपासून दुसऱ्या बाजूच्या दाढेपर्यंत कॅलिपरनं मोजतो. दातांचा ठसा घ्यायचा, त्यात प्लास्टर ओतायचं आणि त्या साच्यावर मोजायचं. थेट तोंडात कॅलिपर घातला की पोरं जीभ मधे आणतात. साचा बिचारा गप्प बसतो.

हा साचा रेणुकाचा. वय बारा, गाव हर्सूलच्या पुढं. वडील कंपनीत कामाला, आजोबांची मेंढरं. तिची वरची कमान अरुंद होती, त्यामुळे वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसायच्या, डब्यापेक्षा झाकण लहान असावं तशा. चावताना जबडा एका बाजूला सरकायचा. हाडं वाढत असेपर्यंत हे सुटतं. उशीर झाला तर कधी ऑपरेशनपर्यंत जातं. म्हणून तिला टाळूवर बसणारी प्लेट दिली होती. काढता-घालता येणारी, मधोमध स्क्रू. घरच्यांनी आठवड्यातून दोनदा तो चावीनं जरासा फिरवायचा. प्लेट रुंद होते आणि दातांना बाहेर ढकलते. सकाळच्या गर्दीत मी फक्त स्क्रू पाहिला होता. छान उघडलेला. मी खूश होऊन ठसा घ्यायला सांगितला आणि मायलेकींना दुपारी यायला सांगितलं.

दोघी गुलमंडीच्या बाजारातून शाळेच्या ड्रेसचं कापड घेऊन परतल्या. मी रेणुकाला खुर्चीत बसवून प्लेट तोंडात घालून पाहिली. बसेचना. प्लेट तीन मिलीमीटर रुंद झाली होती, तोंड होतं तिथंच होतं.

"ताई, चावी कोण फिरवतं?"

"मीच की," आई म्हणाली. "एक बी डाव चुकले नाय."

"तेव्हा प्लेट कुठं असते?"

"डबीत. तुमीच म्हणले ना, काढून फिरवायची?"

मी तसंच म्हटलं होतं. ती डबी उघडायची, चावी फिरवायची, डबी बंद करायची. मधल्या वेळात प्लेट तोंडात जाते की नाही, हे कुणी पाहिलंच नव्हतं. अख्खी सुट्टी या माउलीनं मनोभावे डबीवर उपचार केले होते.

मी रेणुकाला झापायला सुरुवात केली. माझं भाषण तयारच असतं: वाढीचं वय, गेलेली वेळ, मग पस्तावाल. ती मान खाली घालून ऐकत होती. भाषण अर्ध्यावर आलं तेव्हा म्हणाली, "प्लेट घातली का शिट्टी वाजत नाय."

"कसली शिट्टी?"

"मेंढरांची."

मग आईनं सांगितलं. आजोबा जीभ टाळूला लावून शिट्टी मारायचे. हायवे ओलांडताना ती वाजली की कळप जागच्या जागी थांबायचा. आजोबांचे पुढचे दात पडले आणि शिट्टीही गेली. ते ओरडायचे, पण ट्रकच्या हॉर्नपुढं माणसाचा आवाज काय पुरणार? एकदा दोन मेंढ्या ट्रकखाली गेल्या. ती शिट्टी घरात फक्त रेणुकाला जमत होती. सुट्टीत ती दिवसभर कळपामागं असायची, प्लेट डबीत. रात्री घालायला गेली तर टोचायची, मग तेही सुटलं.

"मॅडम, दात रुंद झाल्यावर शिट्टी येती का?" रेणुकानं विचारलं.

कमान किती रुंद होते, त्यातली किती परत आत येते, यावर मी ढीगभर वाचलंय. मेंढरांबद्दल कुणी काही लिहिलेलं आठवेना. "मला माहीत नाही," मी म्हणाले. आईनं माझ्याकडे असं पाहिलं की फी परत मागते की काय, असं मला वाटलं.

पुढच्या खेपेला आजोबा आले. कपाटातल्या साच्यांकडे त्यांनी बारकाईनं पाहिलं. "आमी बी मेंढरू घेताना दातच बघतो," म्हणाले. मी सरळ सांगितलं: आता पक्कं चिकटवलेलं उपकरण लागेल, घरी काढता येणार नाही. ते काही महिने राहील, तोवर शिट्टी बंद. नंतर येईल की नाही, सांगता येत नाही.

"अन् नाय बसवलं तर?"

"जबडा वाकडाच चावेल. मोठेपणी दुरुस्त करायचा तर ऑपरेशन."

"मग बसवा. रस्त्याचं मी बघतो."

"आबा, तुमाला जमत नाय," रेणुका रडवेली झाली.

"थाळी वाजवीन. लग्नात काय कमी वाजवल्यात?"

बसवलं. या वेळी चावी तोंडातच फिरवायची होती, डबीचा प्रश्नच मिटला. टाळूचं हाड मधून हळूहळू उघडतं, त्यामुळे पुढच्या दोन दातांत फट पडते आणि आपोआप बुजते. हे मी बजावून सांगितलं होतं. तरी आजोबांचा फोन आलाच. "बाई, पोरगी दोन दाती झाली की." मेंढराचं वय ते असं दातांवरून सांगतात.

आकडा मात्र हलला. त्रेचाळीस, मग सेहेचाळीस. दाढा एकमेकींवर नीट बसल्या. मी नसरीनला पेढा दिला. मग हाड भरून येईपर्यंत उपकरण तसंच ठेवलं.

ते काढलं त्या दिवशी रेणुकानं चूळ भरली, जीभ टाळूला लावली आणि फुंकलं. नुसती हवा. पुन्हा फुंकलं, पुन्हा हवाच. तिचा चेहरा पडला. सेहेचाळीसचं सगळं कौतुक गेलं. "जिभेला नवी जागा कळू दे," मी म्हणाले. आवाजात होता तेवढा विश्वास मनात नव्हता.

पुढच्या तपासणीला ती दारातूनच शिट्टी मारत आली. वेटिंग रूम दचकली. "पण आवाज जाडा झालाय," ती कुरकुरली. "मेंढरांना पटंल का?"

मला राहवेना. रविवारी गाडी काढून गेले. आजोबा थाळी काखेत मारून उभे होते, कळप हायवेच्या कडेला येत होता. लांबून ट्रक दिसला. रेणुकानं शिट्टी मारली. मेंढरं ढिम्म, चालतच राहिली. आजोबांनी थाळी उचलली, तिनं त्यांचा हात धरला आणि पुन्हा शिट्टी मारली. सगळ्यात पुढच्या म्हाताऱ्या मेंढीनं कान उभारले आणि ती थांबली. मागच्या तिच्यावर आदळत आदळत थांबल्या. ट्रक हॉर्न वाजवत निघून गेला. रेणुका हसली, आणि त्या दिवशी मी तिच्या दाढा बघितल्या नाहीत. माझेच डोळे भरून आले होते.

आता नवा पेशंट आला की कॅलिपर उचलण्याआधी विचारते, "या तोंडानं दिवसभर काय काय करता?" बहुतेक जण म्हणतात, जेवतो. एक वकील म्हणाले, भांडतो. त्यांना काढता-घालता येणारी प्लेट दिली.