गणित सोडा म्हणाले तेव्हा

"तुम्ही हात खाली घ्या."

गणिताचे सर मला म्हणाले. अख्ख्या वर्गाला अरे-अगं करणारे सर मला तुम्ही म्हणाले. पुण्यात हे असं असतं. अपमान करायचा असला की आधी मान देतात.

अकरावी संपत आली होती. बारावीला गणित कोण ठेवणार आणि त्याऐवजी भूगोल कोण घेणार, एवढंच ते विचारत होते. गणितासाठी जवळपास सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. बोट मात्र माझ्या एकटीकडे आलं.

"राहता कुठे आपण?"

"वारजे."

"आणि आडनाव?"

आडनाव ते रोज हजेरीत घ्यायचे. तरी विचारलं. मी सांगितलं.

"हं. मग भूगोल घ्या की. तुम्हाला काय, सीट कुठेही मिळते. आमचा निकाल कशाला खाली आणता?"

वर्ग हसला. मोठ्यानं नाही, तोंडातल्या तोंडात. माझा हात खाली आला. मी आणला नव्हता. आपोआप आला. याची लाज मला सरांच्या बोलण्यापेक्षा जास्त वाटली.

खोटं कशाला सांगू, मी गणितात नापास होत होते. महापालिकेच्या मराठी शाळेत गणितात मीच पहिली यायचे. इथं सगळं इंग्रजीत. त्रिकोणमिती मला येत होती, पण प्रश्न काय विचारलाय हे कळेपर्यंत फळा पुसलेला असायचा. "हे तुम्ही क्लासला केलंच असेल," असं म्हणून सर अर्धा धडा सोडून द्यायचे. बाकीच्यांनी केलेला असायचा. मला क्लास नव्हता. एकदा मी उभी राहून शंका विचारली. सर म्हणाले, "ही शंका नाही, हा आठवीचा धडा आहे." त्यानंतर मी विचारणं बंद केलं.

आमच्या विहारात दर रविवारी शिका, शिका म्हणतात. शिकायला गेल्यावर आत काय होतं ते कुणी सांगत नाही. मीही घरी सांगितलं नाही.

पप्पा हिंजवडीला आयटी कंपनीची बस चालवतात. लहानपणी मी कधीतरी त्यांच्याबरोबर जायचे. गळ्यात ओळखपत्रं घातलेल्या मुली बसमधून उतरून काचेच्या इमारतीत शिरायच्या. मला तिथं शिरायचं होतं. गणित सोडलं की ते दार बंद. इंजिनिअरिंगला गणित लागतं, हे मला नीट माहीत होतं.

तरी त्या दिवसानंतर मी वर्गात बसूच शकेना. गणिताच्या तासाआधी उलटी व्हायची. मी कॉलेजातून निघून कसबा पेठेत चालत राहायचे. तिथं तांबट आळीत भांड्यांवर ठोके पडत असतात. त्या आवाजात रडलं तर कुणाला ऐकू येत नाही. तास संपला की तोंड धुऊन परत यायचे. आपण मेलो तर बरं, असंही वाटायचं. सतरा वर्षांची होते मी.

गैरहजेरी वाढली म्हणून सरांनी पप्पांना बोलावलं. पप्पा ड्युटीवरून तसेच आले, गणवेशात. सरांनी बसा म्हटलं नाही. समोर खुर्ची रिकामी होती.

"तुमची मुलगी वर्गात नसते. असली तरी तिला काही कळत नाही. गणित झेपणारं नाही हे. भूगोल घ्यायला सांगा, पास होईल."

पप्पा म्हणाले, "सर, पोरगी हुशार हाय."

"सगळ्यांची असते."

मग पप्पांनी हात जोडले. भर रहदारीत दुसऱ्या बसवाल्याला दरडावणारा माझा बाप. खाली बघत म्हणाले, "तुमी म्हणाल तसं करतो, सर. तुमाला जास्त कळतंय."

सर माझ्याकडे वळले. "झालं तर मग. वडिलांना पटलंय."

 या वेळी मी पळाले नाही. पळायला जागाच नव्हती, दारात पप्पा उभे होते.

"मी गणित सोडणार नाही," मी म्हणाले.

"नापास व्हाल."

"होईन. पण याच वर्गात बसून होईन."

"अगं, सरांशी कसं बोलतीस?" पप्पा म्हणाले.

सर कोरडं हसले. "बसा. मी तुमच्यासाठी थांबणार नाही."

"थांबू नका. मी विचारत राहीन."

 पप्पा पुढं कित्येक दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांना वाटलं, मी त्यांना खाली पाहायला लावलं. त्यांना आधीच कुणी खाली पाहायला लावलं होतं, हे मी त्यांना अजून सांगू शकलेले नाही.

बारावीत मी रोज उभी राहिले. रोज विचारलं. पोरं वैतागायची. सर कधी उत्तर द्यायचे, कधी खिडकीबाहेर बघायचे. मी पुन्हा विचारायचे. पूर्वपरीक्षेत नापास झाले. बोर्डात पास झाले, पण मार्क सांगण्यासारखे नाहीत. हव्या त्या कॉलेजात इंजिनिअरिंग मिळालं नाही. आता बी.एस्सी.ला आहे, गणित घेऊन. अजून अडते. अजून विचारते.

परवा आमच्या शेजारची मुलगी रडत आली. ती त्याच कॉलेजात अकरावीला आहे. सरांनी तिलाही विचारलं, आडनाव काय. तिलाही भूगोल घ्या म्हणाले. तिची आई घाबरली आहे. तिला वाटतं, पोरीनं मुकाट्यानं ऐकावं.

उद्या ती, तिची आई आणि मी, आम्ही तिघी कॉलेजात जाणार आहोत. आई घाबरतच तयार झाली. बोलणार मी. हिनं गणित का सोडायचं, ते कॉलेजच्या शिक्क्यानिशी लेखी द्या, एवढंच मागायचं. सर पुन्हा आपण-तुम्ही करतील. करू देत. लेखी मिळेपर्यंत आम्ही तिथून हलायचं नाही.