पोहण्याच्या मॅडमचं ऑपरेशन

तलावावर तिला सगळे मॅडमच म्हणत. तिकीट देणारा, जीवरक्षक, पोरांच्या आया, सगळेच. रुंद खांद्यांची, ताठ चालीची बाई. आवाज असा खणखणीत, की गळ्यातली शिटी नुसती शोभेला. पाण्याला घाबरून कठड्याला चिकटून बसलेलं पोर तिच्या हाती दिलं, की काही दिवसांनी ते पाण्याबाहेर निघायला तयार नसायचं. पोक्त माणसंही शिकायला यायची आणि पाण्यात पाऊल टाकताच हातपाय झाडायची. "पाण्याशी भांडू नका हो," ती म्हणायची, "त्याचं तुमच्याशी काही वैर नाही."

तिची एक गोष्ट मात्र तलावावर कुणालाच ठाऊक नव्हती. पस्तिशीच्या सुमारास तिने छातीत सिलिकॉनचे इम्प्लांट बसवून घेतले होते. कुणाच्या हट्टापायी नाही. नवऱ्याशी फारकत त्याआधीच झाली होती. लहानपणी मोठी बहीण तिला 'पाटी' म्हणून चिडवायची, घरातले हसायचे, मग तीही हसायची. पण दिवसभर पोहण्याच्या कपड्यात वावरणाऱ्या बाईला आपल्या अंगाकडे काणाडोळा कसा करता येणार? एकदा मनाने घेतलं आणि सुट्टीत परगावी जाऊन तिने करून घेतलं. मुलाला बहिणीकडे ठेवलं आणि सांगितलं, मैत्रिणीकडे चाललेय. आणि खोटं कशाला बोला, पुढची काही वर्षं ती मजेत होती. कपडे अंगावर नीट बसायचे. आरशासमोरून जाताना पाय जरा रेंगाळायचे.

मग हळूहळू काहीतरी बिनसायला लागलं. सकाळी उठल्यावर बोटं आखडलेली असायची. नळाची तोटी फिरवताना जीव कळवळायचा. कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले. अंगावर लाल चट्टे उठायचे, जायचे, पुन्हा उठायचे. आणि थकवा तर असा, की अंघोळ झाल्यावर टॉवेल गुंडाळून पलंगावर बसलं की कपडे घालायचंही त्राण नसायचं.

नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, थायरॉइड तपासलं, संधिवाताच्या तपासण्या केल्या. दर वेळी रिपोर्ट बघून ते खूश होऊन सांगायचे, "सगळं नॉर्मल!"

तिला वाटायचं, काहीतरी निघालं असतं तर बरं झालं असतं. निदान त्याला नाव तरी असतं.

"या वयात होतं असं," डॉक्टर म्हणाले. "मुलगा नोकरीसाठी लांब, तुम्ही एकट्या. मन रमवा कशात तरी."

ती मान डोलावून घरी आली. इम्प्लांटचं तिने त्यांना सांगितलंच नव्हतं. त्याचा याच्याशी काही संबंध असेल, असं तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

एके दिवशी मात्र नको ते घडलं. लहान मुलांचा वर्ग चालू होता. एका मुलीच्या हातातून तरंगायची फळी निसटली आणि ती पाण्याखाली गेली. मॅडम दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिला दिसत होतं. पण डोक्यात नुसतं धुकं. काय करायचं ते आठवेचना, जणू कुणीतरी परक्या भाषेत तिला हाक मारत होतं. जीवरक्षकाने उडी मारून पोरीला वर काढलं. पोरगी खोकली, रडली आणि आईच्या कडेवर जाऊन बसली. तिला काही झालं नाही. मॅडम मात्र तशीच पाण्यात उभी होती.

व्यवस्थापक भला माणूस. आरडाओरडा न करता एवढंच म्हणाला, "मॅडम, काही दिवस टेबलावर बसा. बरं वाटलं की या परत."

टेबल म्हणजे काचेमागचं. पास तपासायचे, लॉकरच्या किल्ल्या द्यायच्या. पलीकडून पोरांचा कालवा ऐकू यायचा, क्लोरीनचा वास यायचा, आणि तिच्या जागी आलेल्या नव्या मुलीची शिटी सारखी वाजायची. तिथेच बसल्या बसल्या फोनवर तिने आपलीच दुखणी शोधायला घेतली. एका बाईने लिहिलेलं वाचता वाचता ती थबकली. सांधे, केस, चट्टे, थकवा, डोक्यातलं धुकं. सगळं तेच. आणि छातीत इम्प्लांट. खाली आणखी कितीतरी बायका. काही म्हणत होत्या, काढून टाकल्यावर बरं वाटलं. काही म्हणत होत्या, काही उपयोग झाला नाही. आणि मधेच कुणीतरी टोमणा मारून गेलेलं होतं, हौस केली, आता भोगा.

ते वाक्य तिने परत वाचलं. मग फोन पालथा घातला.

मग ज्या प्लास्टिक सर्जन डॉक्टरीणबाईंकडे ती गेली, त्या कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "या आजाराची अशी एखादी तपासणी नाही, की केली आणि कळलं. बऱ्याच जणींना काढल्यावर फरक पडतो. सगळ्यांना पडत नाही. मी वचन देणार नाही."

"पण तुमचा विश्वास बसतो का माझ्यावर?"

"तुम्हाला त्रास होतोय, यावर बसतो."

इतक्या वर्षांत हे तिला कुणी म्हटलं नव्हतं. इम्प्लांट काढून टाकायला तिने लगेच होकार दिला.

"ऑपरेशननंतर घरी न्यायला, सोबत राहायला कोण आहे?"

सगळ्या गावाच्या पोरांना पोहायला शिकवलं, पण हक्काने बोलवावं असं माणूस आठवेना. मुलाला फोनवर म्हणाली, "एक छोटं ऑपरेशन आहे."

"कसलं?"

"बायकांचं."

तो अवघडला. "बरं. येऊ का मी?"

"नको रे. रजा कशाला वाया घालवतोस." आणि फोन ठेवल्यावर ती किती तरी वेळ त्या 'नको'वर चरफडत बसली.

शेवटी बहिणीला फोन केला आणि सगळं सांगून टाकलं.

"एवढी वर्षं मला बोलली नाहीस?" बहीण म्हणाली. मग आवाज खाली आला. "मी तुला पाटी म्हणायचे, म्हणून का गं?"

"नाही गं ताई. तसं काही नाही."

तसंच होतं. दोघींनाही ते कळलं, आणि दोघींनीही तो विषय पुन्हा काढला नाही.

ऑपरेशन पार पडलं. शुद्धीवर आल्यावर छातीवर घट्ट पट्टा, दोन्ही बाजूंना नळ्या आणि त्यांच्या टोकाला लालसर पाणी साठणारे फुगे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बघायचेत का?" तिने मान डोलावली. डब्यात ते दोन गोळे होते. एक धड, दुसऱ्याला बारीकशी चीर.

"या चिरेनेच सगळं झालं, असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या.

"नका म्हणू," ती म्हणाली.

ताई थोडे दिवस राहिली. फुगे रिकामे केले, केस धुऊन दिले, आणि त्या सगळ्या वेळात स्वतःच्या सुनेच्या आळसाबद्दल अखंड बोलत राहिली. पट्टा बदलताना मात्र ती खिडकीकडे बघायची. निघायच्या दिवशी दारात म्हणाली, "जप गं," आणि गालावरून हात फिरवून पटकन जिना उतरली. घर आधीही रिकामंच होतं. पण आता बडबड थांबल्यावर ते जास्तच भकास वाटायला लागलं.

बरं व्हायला वेळ लागला, आणि बरं तरी कितपत? बोटं मोकळी झाली. चट्टे गेले. कपाळाशी नवे बारीक केस उगवले, कुणाचं न ऐकणारे. थकवा मात्र पुरता गेला नाही. दुपार कलली की तो हटकून यायचा. डोक्यातलं धुकं विरळ झालं, पण डोक्यावर पूर्वीसारखा भरवसा टाकायची तिची छाती होत नव्हती. म्हणून तिने स्वतःच व्यवस्थापकाला सांगितलं, "मला मोठ्या माणसांचा वर्ग द्या. लहान पोरं नकोत सध्या."

पहिल्या दिवशी वर्ग सुटल्यावर ती एकटीच पाण्यात थांबली. पोहण्याचा कपडा पुढून सैल झाला होता, त्यात पाणी शिरून पिशवीसारखा फुगत होता. एका हाताने तो दाबून धरत ती सावकाश पलीकडे गेली आणि परत आली. दंड भरून आले. तेवढंच पुरे म्हणून ती वर आली.

बाकावर बसून, केस ओले असतानाच, तिने मुलाला फोन लावला.

"मागे ऑपरेशन झालं ना माझं," ती म्हणाली, "ते कसलं होतं, ते सांगायचंय." आणि तिने सांगितलं. सिलिकॉन, छाती, सगळे शब्द जसेच्या तसे. आपला आवाज रिकाम्या तलावावर घुमतोय, हे तिला ऐकू येत होतं.

"आता दुखतंय का?" त्याने विचारलं.

"थोडं. हात वर केला की."

"हं."

फोन कुणीच ठेवला नाही. तिकडे कुठेतरी भांड्यांचा आवाज येत होता, बहुतेक तो स्वतःपुरतं काहीतरी शिजवत होता. ती ऐकत बसली.